आठाची की दहाची?

साठी उलटलेल्या माणसाने नवा छंद धरावा की नाही, याविषयी आमच्या घरी एकमत नाही. सौभाग्यवतींचे म्हणणे असे की, या वयात काही विकत घ्यायचेच असेल तर एक चांगली काठी घ्यावी. माझा कौल दुर्बिणीला होता. काठीने माणूस खाली पाहून जपून चालायला शिकतो. दुर्बीण गळ्यात असली की वर पाहण्याचा हुरूप येतो. वर पाहून चालणाऱ्यालाच काठी लागते, हे त्यावरचे त्यांचे उत्तर मी ऐकून घेतले आणि दुर्बिणीच्या चौकशीला लागलो.

चौकशीत असे कळले की पाखरे पाहणाऱ्यांत दोन पंथ आहेत : आठवाले आणि दहावाले. दुर्बिणीवर 8×42 किंवा 10×42 असे आकडे कोरलेले असतात. पहिला आकडा पाखरू किती पट जवळ दिसेल ते सांगतो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. बाजारात गेलेला भोळा माणूस म्हणणार, आठापेक्षा दहा मोठे, मग दहाचीच द्या! पण दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागून पाहा. डोळ्यापाशी येणाऱ्या प्रकाशाच्या वर्तुळाचा व्यास मिळतो. आठाचा सव्वापाच मिलिमीटर, दहाचा जेमतेम चार. तरुणाची बाहुली अंधारात सात मिलिमीटरपर्यंत उघडते, माझ्या वयाची फार तर पाच. म्हणजे आठाची दुर्बीण जेवढा उजेड देते, तेवढाच मी घेऊ शकतो. निसर्गाने आणि कारखानदाराने मिळून माझ्यासाठी माप बेतले होते म्हणा ना!

हे गणित जंगलात तपासण्याचा योग गेल्या माघात आला. आम्ही तिघे ताडोब्याला गेलो. माझे एक नेत्रवैद्य मित्र, परदेशातून आलेला माझा भाचा आणि मी. भाच्याच्या गळ्यात ऑस्ट्रियातल्या स्वारोव्स्कीची एनएल प्युअर होती, दहाची. डॉक्टरांच्या गळ्यात जर्मनीच्या झाईसची व्हिक्टरी एसएफ, आठाची. शिवाय डॉक्टरांनी कुणाकडून तरी लायकाची नॉक्टिव्हिड मागून आणली होती, तीही आठाची. यांतली कोणतीही घ्यायची तर दोन लाखांच्या वर मोजावे लागतात. माझी मात्र पंधरा वर्षांपूर्वीची, साध्या घराण्यातली.

पहाटे मोहर्लीच्या फाटकातून जिप्सी आत शिरली. वेळूच्या बेटाखाली एक नारिंगी डोक्याचा कस्तूर पालापाचोळा उलटत होता. त्या काळोखात माझ्या दुर्बिणीतून काहीतरी हलते आहे एवढेच कळले. लायकातून त्याचा रंग दिसला, झाईसमधून रंग आणि डोळाही. भाच्याच्या दहाच्या दुर्बिणीतून कस्तूर मोठा दिसे. पण जिप्सीचे इंजिन थरथरत होते आणि कस्तूरही तिच्याबरोबर थरथरत होता. दहाची दुर्बीण पाखरू दहापट करते, तशी हाताची थरथरही दहापट करते.

भाच्याच्या पक्षाला न्याय द्यायचा तर एक गोष्ट सांगितली पाहिजे. हजार मीटरवर नॉक्टिव्हिड 135 मीटर रुंदीचा देखावा दाखवते आणि त्याची दहाची एनएल प्युअर 133. दहाची असून आठाच्या तोडीचा विस्तार! मात्र व्हिक्टरी एसएफ 148 मीटर दाखवते आणि वजनालाही तिघींत हलकी, सुमारे 780 ग्रॅम. दिवसभर मानेवर वागवायची तर हे काही थोडे नव्हे.

उन्हे चढली आणि सारा भेद विरघळला. भर दुपारी तलावाकाठी माझी जुनी दुर्बीण त्या तिघींच्या पंक्तीला बसत होती. लाख-दोन लाखांचा फरक पहाटेच्या एका तासात आणि संध्याकाळच्या एका तासात आहे. पण पाखरांचा खरा दरबारही त्याच दोन तासांत भरतो, त्याला काय करणार?

दुसऱ्या दिवशी वैनगंगा ओलांडून गडचिरोलीकडे गेलो. त्या जिल्ह्यात वनखात्याने गिधाडांसाठी मेलेल्या जनावरांचे मांस ठेवण्याच्या जागा केल्या, त्यांना विनोदाने गिधाडांची उपाहारगृहे म्हणतात. विनोदामागे मोठी शोकांतिका आहे. गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या औषधाने, गुरांच्या मांसावाटे, पांढऱ्या पाठीची गिधाडे 1992 ते 2007 या काळात हजारातली नऊशे नव्याण्णव गेली. गुरांसाठी त्या औषधावर 2006 साली बंदी आली. 2024 च्या जानेवारीत हरियाणातल्या पिंजोरहून दहा गिधाडे ताडोब्यातल्या बोटेझरीला आणून वाढवली आणि त्याच पावसाळ्यात मोकळी सोडली. अशा काळात एकेका गिधाडाची नोंद मोलाची. ते पांढऱ्या पाठीचे की लांब चोचीचे, हे चुकले तर सगळी मोजणीच लटकी.

आमच्याबरोबर त्या गावचा एक तरुण होता. गिधाडे मोजणे हेच त्याचे काम. दूर वाळलेल्या झाडावर एक गिधाड बसले होते. मागे पांढरेफटक आकाश. माझ्या दुर्बिणीत त्याच्या कडेने जांभळी किनार उमटली आणि आत नुसता काळा गोळा. भारी दुर्बिणींत ही किनार जवळजवळ नव्हती. मानेभोवतीची पांढरी लव स्पष्ट दिसली. पंथ विसरून दोघेही म्हणाले, पांढऱ्या पाठीचे. त्या तरुणाच्या गळ्यात कुण्या पाहुण्याने दिलेली दुर्बीण होती, तिच्या एका नळीत बुरशी. झाईसमधून पाहून तो म्हणाला, ‘‘मान तर तशीच दिसते, सर. पण उडू द्या. पाठ पाहिल्याशिवाय मी लिहीत नाही.’’ पाऊण तास बसलो. गिधाड उडाले, वळले, आणि पाठीचा पांढरा पट्टा चमकला. मग त्याने वहीत लिहिले.

परतताना मी म्हणालो, मला तिन्ही दुर्बिणींतून आकाश किंचित पिवळसर दिसते. डॉक्टरांनी माझा डावा डोळा झाकायला लावला आणि हसले. म्हणाले, ‘‘लायका, झाईस सगळी राहू देत. आधी तुमच्या उजव्या डोळ्यातले भिंग बदलू. पिकले आहे ते.’’ महिन्याभरात मोतीबिंदू निघाला. पट्टी सुटली त्या दिवशी अंगणातल्या नीलकंठाने पंख उघडले आणि निळा रंग म्हणजे काय हे मला नव्याने कळले. या एका भिंगाने जे दिले, ते दोन लाखांच्या भिंगानेही दिले नसते.

मग माझा हिशेब सोपा झाला. आधी डोळा, मग पहाट, मग आठाची, आणि कारखान्याचे नाव सर्वांत शेवटी. पुंजीतून मधल्या किमतीच्या, आतून वायू भरून बंद केलेल्या, म्हणजे बुरशी न धरणाऱ्या आठाच्या दोन दुर्बिणी घेतल्या. एक माझ्याकडे आहे. दुसरी गडचिरोलीला गेली; कारण जो रोज पाहतो त्याच्या गळ्यात बरी दुर्बीण असावी, वर्षातून दोनदा पाहणाऱ्याच्या गळ्यात कशीही चालते.

भाच्याचे पत्र परवाच आले. तो आता बाराची घेण्याच्या विचारात आहे. मी कळवले, खुशाल घे. मात्र खिशाचे किती वाजले तेही आकड्यातच लिहिलेले असते, एवढे ध्यानात ठेव.