पहिला ‘का’

चि. भाच्यास, मुक्काम बजाजनगर.

पत्र पोहोचले. कारखान्यातल्या कोड्यांच्या परीक्षेत मागे पडलेल्या ऑपरेटरला ‘बुद्धीने बेताचा’ म्हणणे मामाला मुळीच रुचलेले नाही. त्यातही, ड्रिलचा आवाज बदलला एवढ्यावरून त्याच माणसाने मशीन थांबवले आणि अख्खा लॉट रिजेक्शनमधून वाचला, असे त्याच पत्राच्या मागच्या पानावर असावे, याला काय म्हणावे? चिरंजीवाने माणसे जोखताना घाई करू नये, अशी अपेक्षा होती.

समस्या-निराकरण म्हणजे वाट ठाऊक नसताना आहे त्या स्थितीतून हव्या त्या स्थितीला पोहोचणे, ही व्याख्या मानसशास्त्रात रूढ आहे. परंतु परीक्षेतली समस्या दुसऱ्याच कोणी आधी मांडून ठेवलेली असते. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांना ६१७४ ही संख्या गवसली, ती कोणी प्रश्नपत्रिका दिली म्हणून नव्हे. ३५२४ चे अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढता क्रम वजा करावा, आलेल्या संख्येवर तीच क्रिया करीत जावे, म्हणजे ३०८७, मग ८३५२, मग ६१७४ येते आणि पुढे ते हलत नाही. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या फार तर सात वजाबाक्यांत तेथेच पोहोचते. वजाबाकी शाळकरी पोरालाही जमते. ती करून पाहावीशी वाटणे, हीच बुद्धी, आणि उत्तर हा मागाहूनचा हिशेब. हे मत एकांगी आहे असे ताई म्हणेल, म्हणू द्यावे. दोषाच्या मुळाशी जाईपर्यंत पाच वेळा ‘का’ विचारण्याची टोयोटाची पद्धत, जिला शॉपवर ‘व्हाय-व्हाय’ म्हणतात, तीही पहिला ‘का’ पडल्यावाचून सुरू होत नाही, आणि तो त्या ऑपरेटरच्या कानाला पडला होता.

हीच कसोटी घरातही लावून पाहावी. अबॅकसच्या क्लासमुळे चिरंजीवाच्या घरचा छोटा झरझर बेरजा करतो, याचा आनंदच आहे. तथापि दिवाळीत तो आला तेव्हा ओट्यावर उघडून ठेवलेल्या घड्याळाकडे त्याने ढुंकूनही पाहिले नाही, आणि आदल्या वर्षी आजीच्या मिक्सरचे स्क्रू याच पोराने लपवले होते. त्याची झोप पुरी होते ना? शाळा, क्लास आणि चाचण्या यांतून त्याला एखादी रिकामी दुपार मिळते की नाही, ते उलटटपाली कळवावे. आणि ऑपरेटरबद्दलचा शेरा अद्याप वर गेला नसेल, तर तूर्त थांबवावा.

मामाचे आशीर्वाद.