झाकणाच्या आतली वाट

डेन्व्हरमध्ये राहून पिकअप ट्रक बाळगणाऱ्याला सात टक्क्यांचा चढ म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. आय-७० वर सिल्व्हरथॉर्न सोडलं की आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत रस्ता चढतच राहतो, आणि बोगदा समुद्रसपाटीपासून सुमारे ३४०० मीटरवर. मागे कॅम्पर जोडलेला असतो, ऊन रणरणत असतं आणि चालवणाऱ्याचा जीव इंजिनच्या तापमानाच्या काट्यात अडकलेला असतो. मागच्या एक्सलमधलं तेल किती तापलंय हे दाखवणारा काटा मात्र बहुतेक गाड्यांत नसतोच.

हिशेब करून बघण्यासारखा आहे. ट्रक आणि कॅम्पर मिळून साडेसहा टन, वेग ताशी ८० किलोमीटर, चढ सात टक्के. वाऱ्याचा विरोध सोडून दिला तरी नुसतं वर चढण्यासाठी जवळपास १०० किलोवॅट लागतात, आणि ते सगळे मागच्या डिफरन्शियलमधून जातात. त्यातले तीन-चार टक्के क्राउन हा मोठा गिअर आणि त्याला फिरवणारा छोटा पिनियन यांच्या दातांत आणि बेअरिंगांत उष्णता होऊन राहतात. म्हणजे तीन-चार किलोवॅट. आपल्याकडच्या बाथरूममधला छोटा इन्स्टंट गीझर तीन किलोवॅटचा असतो आणि त्यात तीन लिटर पाणी मावतं. माझ्या ट्रकच्या एक्सलमध्येही तेल तीन लिटरच्या आसपासच आहे. फरक एवढाच, की हा गीझर चढ संपेपर्यंत बंद करता येत नाही.

त्यामुळे या भागात डिफरन्शियलचं कव्हर बदलण्याची हौस आहे याचं मला नवल वाटत नाही. मंडळाच्या गणपतीत दर वर्षी कुणीतरी तरुण मुलगा आरतीनंतर पार्किंगमध्ये गाठतोच. "दादा, ते काळं, फिन्सवालं कव्हर मागवलंय. बसवून द्याल ना?" बसवून देतोच. पण त्याआधी मी त्याला गाडीखाली आडवं व्हायला लावतो आणि कंपनीचं कव्हर नीट बघायला सांगतो. पत्रा दाबून केलेला, गोल फुगीर पाठीचा, बहुधा गंजाचे डाग पडलेला. दिसायला अगदी गरीब. त्याची पाठ गोल का आहे, हे कळल्याशिवाय नवं कव्हर उघडायचं नाही, एवढी माझी अट असते.

भारतात वाढलेल्यांना हा भाग ओळखीचा असून अनोळखी असतो. आपल्याकडच्या मोठ्या ट्रकच्या मागे एक्सलच्या मधोमध जे गोल पोट दिसतं, ते हाउसिंगचाच भाग असतं. आतला गिअरांचा गट पुढच्या बाजूने काढतात. अमेरिकेतल्या बहुतेक पिकअपांत उलट. हाउसिंग मागून उघडं असतं, क्राउन मागूनच आत बसवतात, आणि त्या तोंडावर बोल्टांनी कव्हर आवळतात. माझ्या जुन्या एफ-२५० च्या साडेदहा इंची एक्सलला असे १२ बोल्ट आहेत. या एक्सलला सगळे स्टर्लिंग म्हणतात, कारण तो मिशिगनमधल्या स्टर्लिंग हाइट्सच्या कारखान्यात बनतो. तेल काढायला खाली बोल्ट नाही. तेल बदलायचं तर कव्हरच सोडवायचं.

गाडी पुढे जाते तेव्हा चाकाचा वरचा भाग पुढे जातो, खालचा मागे, आणि मागची कड खालून वर चढते. क्राउन चाकांबरोबरच फिरतो. ताशी १०५ किलोमीटरला त्याचे मिनिटाला ७०० च्या आसपास फेरे होतात. त्याचा खालचा भाग तेलात बुडालेला असतो, म्हणून त्याची कड ते तेल ताशी ३५ किलोमीटरच्या वेगाने मागे फेकते, थेट कव्हरच्या आतल्या अंगावर. तिथे गोलाई असेल तर तेल त्या भिंतीला धरून वर चढतं, माथ्यावरून पुढे वळतं आणि पिनियनच्या बेअरिंगांकडे जाणाऱ्या खोबणीत पडतं. पिनियन क्राउनच्या जवळपास चौपट वेगाने फिरतो आणि सगळा जोर सहन करतो. त्याच्या पुढच्या बेअरिंगला तेल पोचवणारा पंप नसतो. जे काही पोचतं ते या वाटेनेच पोचतं.

म्हणून कव्हर हे माझ्या लेखी नुसतं झाकण नाही. ती तेलाच्या वाटेची एक बाजू आहे. बाजारातल्या कित्येक देखण्या कव्हरांची आतली बाजू सपाट असते, आणि क्राउन व भिंत यांच्यात मोठी पोकळी असते. जोरात आलेलं तेल सपाट भिंतीवर आदळतं, फुटतं, त्यात हवा मिसळते आणि फेस होतो. फेसाळ तेल धड वंगणही करत नाही आणि उष्णताही नीट वाहून नेत नाही. कॅलिफोर्नियातल्या गेल बँक्स यांनी काही वर्षांपूर्वी आतलं तेल दिसेल अशी सोय करून हेच जाहीरपणे दाखवलं, तेव्हा इथल्या ट्रकवाल्यांत चांगलंच वादळ उठलं. बँक्स स्वतःही कव्हरं विकतात, त्यामुळे त्यांचा शब्द तेवढ्यावरच घेऊ नये. पण गिअर कुठल्या दिशेने फिरतो आणि तेल कुठे फेकलं जातं, हे कुणालाही कागदावर काढून बघता येतं.

फिन्सचंही तसंच. अॅल्युमिनियम पोलादापेक्षा उष्णता तिप्पट चांगली वाहून नेतं हे खरं. पण पत्र्याची जाडी पार करणं ही उष्णतेची मुख्य अडचण नसतेच. तेलातून भिंतीत आणि भिंतीतून हवेत जाणं ही खरी अडचण. फिन्समुळे बाहेरची बाजू सुधारते, तीही वारा तिथपर्यंत पोचला तर, कारण कव्हर एक्सलच्या मागच्या आडोशाला असतं. आत तेल भिंतीला धरून वाहत नसेल तर बाहेर कितीही फिन्स असोत, हाती थोडंच लागतं. मोठ्या कव्हरात मावणाऱ्या जास्तीच्या लिटर-दीड लिटर तेलाने तापायला वेळ लागतो, छोट्या चढावर तेवढं पुरतं. लांबच्या चढावर तेल शेवटी जिथे पोचायचं तिथेच पोचतं.

मग कव्हर बदलावंच का? माझ्या मते सगळ्यात मोठं कारण खालचा ड्रेन बोल्ट आणि त्यातलं चुंबक. तेल बदलणं सोपं झालं की माणूस ते वेळेवर बदलतो. मोआबच्या किंवा रुबिकॉनच्या खडकांवर गाडी नेणाऱ्यांचं कारण वेगळं: दाबलेल्या पत्र्याची कड दगडाला अडकून सोलली जाते, म्हणून त्यांना जाड ओतीव लोखंडच हवं. ड्रॅग रेसवाले बेअरिंगच्या कॅपांना मागून टेकू देणारे बोल्ट असलेली कव्हरं लावतात, कारण क्राउन पिनियनपासून दूर ढकलला जात असतो. कॅम्पर ओढणाऱ्याला या दोन्हींची गरज नाही.

प्रत्यक्ष कामात मला सगळ्यात प्रिय आहे ती जुनं कव्हर सुटण्याची वेळ. खालचे बोल्ट आधी काढायचे, वरचे दोन सैल करून ठेवायचे, आणि खालच्या कडेत चपटी पट्टी घालून हलकेच उचकायचं. कडेला सील म्हणून लावलेल्या सिलिकॉनची पकड सुटते आणि काळपट तेल धारेने ट्रेमध्ये येतं. त्याचा वास एकदा डोक्यात बसला की जात नाही. तो गंधकाचा वास. एक्सलमधल्या या हायपॉइड गिअरात पिनियन क्राउनच्या मध्यरेषेच्या खाली बसवलेला असतो, त्यामुळे दात एकमेकांवर लोळतात तसे लांबवर घासतातही. हे दात १९२० च्या दशकात रॉचेस्टरच्या ग्लीसन कंपनीने आणले आणि पॅकार्डच्या मोटारींत गेले. त्या घासण्यात साधं तेल टिकत नाही, म्हणून गंधक-फॉस्फरसची संयुगं घालावी लागतात. वास त्यांचाच.

तेल निथळलं की मी घाई करत नाही. आतल्या चुंबकावरचा राखाडी लगदा बोटांत चोळून बघतो. मऊ असेल तर ती नेहमीची झीज. कण टोचले, चकाकणारी खपली मिळाली, तर कव्हराचा विषय तिथेच संपतो आणि बेअरिंगचा सुरू होतो. मग क्राउन हाताने सावकाश फिरवत एकेक दात उजेडात बघायचा. ३.७३ गुणोत्तराच्या जोडीत सहसा क्राउनला ४१ दात आणि पिनियनला ११ असतात. ४१ ही मूळ संख्या, त्यामुळे पिनियनचा प्रत्येक दात क्राउनच्या प्रत्येक दाताला पाळीपाळीने भेटतो आणि झीज सगळीकडे सारखी वाटली जाते. कुणीतरी शंभर वर्षं टिकेल असा विचार त्या आकड्यांत करून ठेवलाय, आणि तो बघताना मला दर वेळी आनंद होतो.

पुढचं काम शिस्तीचं. जुनं सिलिकॉन खरवडताना आत तुकडा पडू द्यायचा नाही. दोन्ही कडा तेलकटपणा जाईपर्यंत पुसायच्या. नवी धार बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने, न तुटता. बोल्ट समोरासमोरचे, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्याने. सिलिकॉन सुकायला त्याच्या डब्यावर लिहिलेला वेळ द्यायचा, मगच तेल.

तेल किती? इथे मी प्रत्येकाला थांबवतो. बाटलीवरचे लिटर मोजू नका, उंची मोजा. कंपनीच्या कव्हरवरचं भरायचं भोक ज्या उंचीला होतं, तीच पातळी ठेवायची. नव्या कव्हराचं भोक वर असेल तर तिथपर्यंत भरू नये. क्राउन जास्त बुडतो, जास्त घुसळतो, आणि ज्या उष्णतेसाठी खर्च केला तीच वाढते. शेवटी एक्सलच्या वरच्या ब्रीदरची नळी फुंकून बघायची. ती तुंबलेली असेल तर तापलेली हवा सीलमधून वाट काढते आणि तेल ब्रेकवर येतं. सपाट पाठीचं कव्हर घेऊन आलेल्या त्या मुलाला मी यंदाही हेच सांगितलं: हे परत पाठव, आतून गोल आणि खाली ड्रेन बोल्ट असलेलं मागव, आणि तोवर ही ब्रीदरची नळी बदलून टाकू.