कुल्ल्यातली कळ

हेंद्रेपाड्यातून स्टेशनपर्यंत चालताना त्रास नाही. दुखतं ते लोकलमध्ये बसल्यावर. चौथ्या सीटवर अर्धा कुल्ला टेकवला की अंबरनाथ येईतो उजवीकडे खोलवर कळ उठते आणि मांडीच्या मागून पोटरीपर्यंत उतरते. जागा मिळूनही उभं राहावं लागतं. कंबर दुखते म्हटलं की लोक ऐकून घेतात. कुल्ला दुखतो म्हणायची आपल्याकडे लाज, आणि त्या लाजेपायी बायकांचे उपचार लांबतात याचा मला राग येतो.

एमआरआयमध्ये मणके ठीक निघाले. मग फिजिओथेरपिस्टने गुडघा दुमडून मांडी आत वळवली, आणि नेमकी तीच कळ आली. पिरिफॉर्मिस नावाचा छोटा स्नायू आवळला की त्याच्याखालून जाणारी सायटिक नस दबते. काहींच्यात तर ती स्नायूतूनच जाते.

आता रोज पाठीवर झोपून दुखऱ्या पायाचा घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेवते, खालची मांडी छातीकडे ओढते, तीस सेकंद धरते. फरक पडतोय, हळूहळू. नाहीच पडला तर सोनोग्राफीत बघून इंजेक्शन देतात. पण पायातली ताकद गेली किंवा लघवीवर ताबा राहिना, तर व्यायाम करत न बसता थेट हॉस्पिटल गाठायचं.