समोर समुद्र, नजर पायाशी



मागच्या फेब्रुवारीत आम्ही दोघं मुलाकडे सॅन डिएगोला होतो. त्याच्या घरापासून जवळच टॉरी पाइन्स नावाचं राखीव वन आहे. समुद्राला लागून उंच कडे आणि कड्याच्या पायथ्याशी पाण्यात शिरलेला एक सपाट खडक. त्याचं नावच फ्लॅट रॉक. नातीला मला तिथे न्यायचंच होतं. सूनबाईला काळजी माझ्या गुडघ्याची. "आई, उतरताना काही वाटणार नाही, पण परत चढायचंय," असं तिनं दोनदा बजावलं. मी बी.कॉम. झालेली बाई. तीनशे फूट उतरणं म्हणजे तीनशे फुटांची उधारी, हे काय मला कळत नव्हतं? तरी म्हटलं, फेडू हळूहळू.

हिवाळ्यात तिथे मोठी ओहोटी दुपारी येते आणि खडक तेव्हाच नीट उघडा पडतो. म्हणून दुपारचं जेवण उरकून निघालो. सूर्यास्ताआधी घरी येऊन संध्याकाळचं जेवणही व्हायला हवं होतं. वरच्या भागात पाण्याशिवाय काही खायला-प्यायला न्यायची मनाई आहे. नात म्हणाली, "आजी, तुला चालेल ना?" म्हटलं, "अगं, मला काय शिकवतेस? उपवास करून करून केस पांढरे झाले!"

वाट साधारण सव्वा किलोमीटरची. दोन्ही बाजूंना टॉरी पाइनची वाऱ्यानं वाकलेली झाडं. ही झाडं जगात आपसूक उगवतात ती इथे आणि सांता रोझा नावाच्या एका बेटावर, बस्स. पाच-पाच लांब सुयांचा एकेक झुबका. खाली पडलेलं फळसुद्धा उचलायचं नाही. कडे वाळूच्या दगडाचे, पिवळसर-पांढरे, पावसानं ओघळून पन्हळी पडलेले. बोटानं खरवडलं तर वाळू हाताशी यावी इतके ठिसूळ, म्हणून वाट सोडायची नाही. वळणावर अचानक सगळा समुद्र समोर आला. निळा, अफाट. देवमासे दिसतील म्हणून लेकानं दुर्बीण आणली होती. ते काही दिसले नाहीत.

मी मात्र पायाकडे बघत चालले होते. लहानपणी आईनं सवय लावलेली, की चार हात पुढची जमीन बघून पाऊल टाकायचं. ईर्या समिती साधूंची खरी, पण आपणही जमेल तेवढी पाळतो. मनात थोडा अभिमानही होता, खोटं कशाला बोलू? इथे वाढणाऱ्या पोरांना हे कोण शिकवणार, असंही आदल्याच दिवशी मी मुलाला ऐकवलं होतं.

शेवटच्या अरुंद पायऱ्या उतरून खडकापाशी पोचलो. फोटोसाठी वर चढायचं ठरलं. काळ्या शिंपल्यांचे घोस खडकाला चिकटलेले दिसले. ते टाळून मी बाजूच्या ओल्या वाळूच्या गोळ्यांवर पाय ठेवणार, इतक्यात नात ओरडली, "आजी, थांब! ते जिवंत आहेत!"

मी पाय तसाच मागे घेतला. ती उकिडवी बसली आणि दाखवू लागली. ती समुद्रफुलं होती. पाणी ओसरलं की ती अंग मिटून घेतात, वर वाळू आणि शिंपल्यांचे कण चिकटवून बसतात. शेजारच्या डबक्यात पाण्याखाली तीच उमललेली होती, हिरवट, नाजूक बोटं हलवत. "तुला कोणी सांगितलं गं?" तर म्हणे, शाळेची सहल आली होती तेव्हा बाईंनी.

मैत्रिणींनो, मी बघून चालत होते आणि तरीही मला दिसलं नव्हतं. नजर खाली असणं पुरेसं नाही. जीव कुठे आहे हेच ठाऊक नसेल, तर दया करायची कोणावर? आणि हे मला त्या पोरीनं शिकवलं, जिच्या संस्कारांची काळजी मी करत होते.

खडकावर कोणीच चढलो नाही. फोटो वाळूवरच काढला. परतीच्या चढावर सात वेळा बसले. गुडघ्यानं उधारी व्याजासकट वसूल केली. घरी पोचलो तेव्हा सूर्य मावळायला जेमतेम अर्धा तास होता. सूनबाईनं न बोलता आधी माझं ताट वाढलं.

रात्री सामायिकाला बसले तेव्हा ते वाळूचे गोळे डोळ्यांपुढून हलेनात. त्या दिवशीची आलोचना पाठ म्हटल्यासारखी झाली नाही, मनापासून झाली. दुसऱ्या दिवशी मुलाला म्हटलं, "परवाचं माझं बोलणं मागे घेते रे."

कधी समुद्रकाठच्या खडकांवर गेलात, तर ओहोटीची वेळ बघून जा, हातात काठी घ्या आणि बरोबर एखादं शाळकरी नातवंड असू द्या.