भिलाईची मैत्रीबाग आणि पांढरा वाघ

पोलादाच्या भिलाईत मुलांना मोकळं हिंडायला न्यायचं, तर मैत्रीबाग. भारत-सोव्हिएत मैत्रीची खूण म्हणून भिलाई स्टील प्लांटने १९७२ मध्ये ती उभारली. तो सोव्हिएत संघ १९९१ मध्ये संपला, बागेचं नाव मात्र टिकलं!

बोटिंग, टॉय ट्रेनकडे मुलं आपणहून धावतील. तुम्ही सकाळीच आधी पांढऱ्या वाघाकडे जा. उन्हं चढली की तो सावलीत पडून राहतो. हा बर्फातला वाघ नव्हे, वेगळी जातही नव्हे. आपलाच पट्टेरी वाघ. आई-बाप दोघांकडून तेच दुर्मीळ जनुक आलं की रंग असा उतरतो. रानात तो आता दिसत नाही, उरलाय तो प्राणिसंग्रहालयांतच. "मग याला सोडत का नाहीत?" असं मुलांनी विचारलं, तर घाईने पुढे नेऊ नका.