नुसत्या अल्कोहोलची वाटी

आरे कॉलनीतल्या एका पाड्यावर, आजींच्या अंगणात प्राजक्त आहे. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी पानं मागायला गेले. तांदूळ पाखडता पाखडता आजी म्हणाल्या, "हिवताप आला की आम्ही पाच पानं वाटून देतो. तुला पिशवीभर कशाला गं?"

पानं सावलीत वाळवली, कुटली, अल्कोहोलमध्ये भिजवली, गाळून आटवली. हाती आला काळपट हिरवा, चिकट अर्क. मलेरियाचा परजीवी माणसाच्या तांबड्या पेशींत वाढवण्याची रीत ट्रेगर आणि जेन्सन यांनी 1976 साली बसवली. बरणीत मेणबत्ती लावून झाकण घालायचं; ज्योत विझत आली की आतला प्राणवायू परजीवीला मानवेल इतका उतरतो. आम्हीही तेच केलं आणि छोट्या वाट्यांत वाढणाऱ्या परजीवींवर अर्क घातला. दोन दिवसांनी जिम्सा नावाच्या रंगाने रंगवलेली काच सूक्ष्मदर्शकाखाली धरली. अर्काच्या वाटीतले परजीवी मेलेले! मी आनंदाने घरी फोन केला.

माझ्या मार्गदर्शक मॅडमनी एकच विचारलं, "नुसत्या अल्कोहोलची वाटी बघितलीस?"

बघितली. तिथलेही मेले होते. अर्क पातळ करायला मीच अल्कोहोल जास्त वापरलं होतं. पुन्हा, बेताने घेऊन, सगळी चाचणी केली. आता अर्काचा गुण दिसला, पण माफक. शेजारच्या वाटीत क्लोरोक्विनने त्याच्या कितीतरी पट कमी मात्रेत काम उरकलं होतं.

अर्थात वाटी म्हणजे माणूस नव्हे. पोटात गेलेलं सगळंच रक्तात पोचत नाही. आणि आजी तर पानं वाळवत नाहीत, ओलीच वाटतात. चीनमध्ये मलेरियावर औषध शोधणाऱ्या तू यूयू यांनाही एका वनस्पतीच्या उकळलेल्या अर्काने चकवलं होतं. कमी उष्णतेत, ईथरमध्ये काढल्यावर त्याच वनस्पतीने गुण दाखवला.

मुंबईतच प्राजक्ताच्या ओल्या पानांचा कल्क, म्हणजे वाटलेला गोळा, मलेरियाच्या 120 रुग्णांना देऊन झाला आहे. पाच पानं, दिवसातून तीनदा. 92 जणांच्या रक्तातले परजीवी आठवड्यात गेले, आणखी 20 जणांचे दहा दिवसांत. आठ जणांना गुण आला नाही. मी त्या आठांपाशी अडखळते. ताप फाल्सिपेरम या घातक जातीच्या परजीवीचा असेल, तर दहा दिवस वाट बघणं जिवावर बेतू शकतं.

प्रकल्प संपल्यावर आजींना भेटायला गेले. "मग माझं झाड खरं की खोटं?"

"झाड खरं आहे आजी. पण कोणाला पुरेल आणि कोणाला नाही, ते मला पानं बघून सांगता येत नाही."

त्या हसल्या. "मलाही नाही."

पावसाळ्यात थंडी वाजून ताप आला, तर प्राजक्ताकडे वळण्याआधी रक्त तपासून घ्या. पालिकेच्या दवाखान्यात तपासणी आणि गोळ्या फुकट मिळतात. ताप उतरला तरी गोळ्या मध्येच सोडू नका.