नातीचा गृहपाठ कुठे बसवायचा?

जूनमध्ये सुनेला दवाखान्यात दुपारची पाळी लागली आणि तिसरीतल्या नातीचा गृहपाठ माझ्याकडे आला. मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. मुलगा शाळेत होता त्या काळात माझ्या बहुतेक संध्याकाळी स्टँडवर गेल्या, त्यामुळे मुलाचा अभ्यास घ्यायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हे मला साठी उलटल्यावर पहिल्यांदा कळणार होतं. गृहपाठ वहीत लिहून दिलेला असतो एवढीच माझी समजूत. इथे तो तीन जागी सापडला: डायरीत बाईंनी सांगितलेला, पुस्तकात धड्याखालच्या स्वाध्यायात, आणि वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आलेल्या वर्कशीटच्या फोटोत. त्यातलं उद्याचं कोणतं आणि शनिवारपर्यंतचं कोणतं, ते नातीलाच विचारावं लागलं. “आबा, ज्याच्यापुढे चांदणी आहे ना, ते उद्याचं,” ती म्हणाली. चांदण्या तिच्या तिनेच काढलेल्या होत्या.

२०२४ मध्ये राज्य सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवायला सांगितले, मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून. निर्णय मला मनापासून पटतो. पण सकाळची शाळा होती तेव्हा उरणारी लांबलचक दुपार त्यामुळे गेली. नात आता साडेतीनला घरी येते. मी तक्ता केला: साडेतीनला खाणं, चारला गृहपाठ, पाचला खेळ. काम आधी उरकलं की पोर मोकळी, असा हिशेब. चारला ती वही उघडायची, तारीख लिहायची, खोडायची, पुन्हा लिहायची. पेन्सिलीला टोक करायला उठायची. पाच वाजून जायचे आणि पान निम्मंच भरलेलं असायचं. एकदा डबा घासायला घेतला तर पोळी-भाजी जवळजवळ तशीच! मधल्या सुट्टीत खेळून झाल्यावर वेळ उरला तर जेवण, असा तिचा क्रम होता. फेरी करून आलेली गाडी डिझेल-पाणी बघितल्याशिवाय पुन्हा कुणी मार्गावर सोडत नाही. इथे तर रिकाम्या पोटी, वर्गात पाच तास गप्प बसून आलेलं लेकरू होतं. दुसऱ्या दिवसापासून आल्याआल्या ताटलीभर पोहे नाहीतर गूळ-तूप-पोळी, आणि शाळेबद्दल एकही प्रश्न नाही. खाऊन झाल्यावर ती आपणहून बोलायला लागली, आणि बोलणं संपलं तशी चप्पल घालून खाली पळाली.

म्हणून गृहपाठ रात्रीच्या जेवणानंतर नेला. खेळ झालेला, पोट भरलेलं, घर शांत. आता अडचण कुठली असणार? पण त्या वेळी अक्षरं रेघ सोडून खाली घसरतात हे मला माहीत नव्हतं. एका रात्री ५२ वजा २७ ही वजाबाकी तिने केली आणि उत्तर लिहिलं ३५. मी बराच वेळ पानाकडे बघत राहिलो. मग लक्षात आलं: २ मधून ७ जाईनात, म्हणून तिने सरळ ७ मधून २ काढले. मी आमच्या वेळचा हातचा समजावायला लागलो. ती रडवेली झाली, “बाईंनी असं नाही शिकवलं,” म्हणाली आणि वही मिटून झोपली.

सकाळी मीच विचारलं, बाईंनी कसं शिकवलं? तिने खराट्याच्या काड्या मागितल्या. दहा-दहाचे पाच गठ्ठे रबराने बांधले, दोन काड्या सुट्या ठेवल्या. “हे ५२. आता सात द्यायच्यात. सुट्या किती आहेत? दोनच. मग एक गठ्ठा सोडायचा.” रबर निघालं, सुट्या काड्या १२ झाल्या, गठ्ठे राहिले चार. बारातून सात गेल्या, पाच उरल्या. चार गठ्ठ्यांतून दोन गेले, दोन उरले. पंचवीस. याला शाळेत दशक सुटा करणं म्हणतात. मी आयुष्यभर हातचे घेतले, पण तो एक कुठून येतो आणि त्याचे दहा का होतात, हे असं डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं. आणि रात्री ज्या गणिताने रडवलं, ते सकाळी ती मला शिकवत होती. गणित तिला येत होतं. वेळ चुकीची होती. तेव्हापासून मी समजावून सांगत नाही. “मला कळलं नाही, दाखव,” म्हणतो. बहुतेक वेळा ते खरंच असतं.

पालकसभेत मी बाईंना विचारलं की मुलांनी घरी किती वेळ बसावं असं तुम्ही धरता. त्या म्हणाल्या, “काका, वीस मिनिटं. त्याहून जास्त नको.” माझा विश्वास बसेना. मुलाने मग केंद्र सरकारचं २०२० चं दप्तर धोरण शोधून दिलं. पहिली-दुसरीला गृहपाठच नको, संध्याकाळ कशी गेली, काय खेळलो, काय खाल्लं हे त्या मुलांनी वर्गात सांगावं. तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. सहा दिवसांच्या शाळेला भागलं तर दिवसाला वीसच मिनिटं येतात. ओझ्याविना शिक्षणाची ही मागणी यशपाल समितीने १९९३ मध्येच केली होती. अमेरिकेत गृहपाठाच्या अभ्यासांचा आढावा घेणाऱ्या हॅरिस कूपर यांनाही प्राथमिकच्या मुलांमध्ये गृहपाठ आणि गुण यांचा संबंध फार क्षीण दिसला. मोठ्या वर्गांत तो जास्त दिसतो. हे वाचून मी घड्याळ लावून बघितलं. पेन्सिल कागदावर असण्याचा वेळ वीस मिनिटांच्या आसपासच होता. बाकी सगळा वेळ सुरुवात होण्यात जात होता. मी इतके दिवस तास-दीड तासाची जागा शोधत होतो.

सुरुवात कशाने होईल? घड्याळाने होत नव्हती. सहा वाजता हाक मारली तर जूनमध्ये ते चूक, कारण तेव्हा आमच्याकडे सव्वासातपर्यंत उजेड असतो आणि खाली लंगडी ऐन रंगात आलेली असते. तेच सहा डिसेंबरात बरोबर, कारण अंधार पडत आलेला असतो आणि मुलं आपोआप घरी वळतात. तिचा खेळ कापायला माझं मन धजत नाही. या वयाच्या मुलांनी रोज निदान तासभर अंग हलवावं असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते, आणि शाळेत तिचा तेवढा खेळ होत नाही. विचार करता करता मला आमच्या घरचा परवचा आठवला. दिवेलागणीला आई देवापुढे दिवा लावायची, आम्ही भावंडं हातपाय धुऊन शुभंकरोति म्हणायचो, आणि तिथेच मांडी घालून पाढे, मग पावकी, निमकी, औटकी, वार, महिने, नक्षत्रं. अभ्यासाला बसा असं कुणी म्हणत नसे. दिवा लागला की ते होऊन जायचं. दिवेलागण ऋतूप्रमाणे पुढे-मागे सरकते, त्यामुळे उजेड सगळा खेळाला मिळायचा.

आमच्या घरी बायको रोज दिवा लावतेच. गृहपाठ तिथे बांधला. नात खेळून येते, पाय धुते, आम्ही दोघं मिळून एक पाढा मोठ्याने म्हणतो. सध्या सातचा चालू आहे आणि सात आठे छपन्नला दोघंही दम घेतो. तिथून उठून ती सरळ स्वयंपाकघरात ओट्याशेजारच्या छोट्या टेबलावर बसते. आतल्या खोलीत तिच्यासाठी वेगळं टेबल आहे, पण तिथे एकटीने बसायला तिला आवडत नाही. मी समोर गवार मोडतो, लसूण सोलतो. पेन्सिलीला टोक दुपारीच करून ठेवलेलं असतं. आधी सोपं, मग गणित, मग शुद्धलेखन. हा क्रम तिचा. साडेआठला जेवण, साडेनऊला अंथरूण. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप लागते म्हणतात, त्यामुळे याच्या पुढे मी काहीच सरकू देत नाही.

हे दरवेळी बसतं असं नाही. लग्नघरी गेलो तर नाही. ताप असला तर नाहीच. आणि प्रकल्प आला की सगळंच कोलमडतं. पाण्याच्या चक्राचा तक्ता करायचा होता, त्यातली कात्री, डिंक, रंगीत कागद यांतच संध्याकाळ गेली, शिवाय दुसऱ्या दिवशीची वजाबाकी होतीच. शेजारच्या घरात अशा वेळी आई रात्री उशिरापर्यंत बसून तक्ता पुरा करते. मला ते पटत नाही, कारण मग बाईंना कळणार कसं की काम जास्त झालं? मी डायरीत लिहिलं: तक्ता केला, वजाबाकीची तीन उदाहरणं केली, वेळ संपला म्हणून थांबवलं. बाई रागावतील अशी मला धास्ती होती. डायरी परत आली तेव्हा खाली लाल शाईत लिहिलं होतं, “चालेल. उरलेली वर्गात करून घेते.” आता अशी चिठ्ठी लागलीच तर नात स्वतः लिहिते, कुठलं उदाहरण राहिलं आणि का ते सांगते, आणि मी वाचून खाली सही करतो.